पाटलाची शेपटी

मंगळवारी सकाळी चहाचा कप घेऊन गजेंद्र काचेच्या टाकीसमोर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की पाटलाची शेपटी भरून आली आहे. पाटील म्हणजे टाकीतल्या तीन माशांतला सगळ्यात थोराड, नारिंगी, पोट सुटलेला, दाणे टाकले की बाकी दोघांना ढकलून पुढे येणारा. नाव छकुलीनं ठेवलेलं. अमरावतीला शिकायला जाण्याआधी लेकीनं तिन्ही माशांची बारशी उरकून घेतली होती, पाटील, भुऱ्या आणि ठिपकी, आणि रोज आठ वाजता व्हिडिओ कॉल करून मी हजेरी घेणार, असं बापाला बजावून ती गेली होती. तर या पाटलाच्या शेपटीला खालच्या बाजूनं एक खाच होती, मुगाच्या दाण्याएवढी. दुकानातून आणला तेव्हापासूनची. गेले दोन-अडीच महिने गजेंद्र रोज सकाळी अर्धा-पाऊण तास इथं बसत होता, दुसरं काही काम नव्हतं म्हणून म्हणा, आणि ती खाच त्याला स्वतःच्या अंगठ्यावरच्या व्रणासारखी पाठ होती. आज ती नव्हती. शेपटी सगळी अखंड. त्यानं चष्मा बनियनला पुसला, खुर्ची पुढे ओढली, मासा वळेपर्यंत वाट पाहिली, आणि मासा वळला तरी खाच नव्हतीच.

"पुष्पा," त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "हा पाटीलच हाये ना?"

"मंग दुसरा कोन राहीन?" पुष्पांजली आतून म्हणाली.

झालं एवढंच. पण ते उत्तर गजेंद्रच्या घशाखाली उतरेना. बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं कुठल्याही प्रश्नाला आधी 'काय म्हनता?' असं विचारलं नाही, असं झालं नव्हतं. एक तर तिचा मिक्सर चालू असायचा, नाहीतर कुकर, नाहीतर डोक्यात माहेरच्या कुणाचं तरी लग्न. आज तिनं प्रश्न पहिल्या फटक्यात ऐकला, आणि उत्तर जणू पोळपाटाशेजारीच काढून ठेवलं होतं. शिवाय लाटणं मध्येच थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते जरा जोरातच. गजेंद्रनं चहा संपवला. माशांचे पर पुन्हा उगवतात, हे त्यानं मोबाईलवर शोधून काढलं. पण त्याला आठवडे लागतात, असंही तिथं लिहिलं होतं. रविवारी खाच होती. रविवारी त्यानं स्वतः पाहिली होती. सोमवारी तो डोणगावला गेला होता, थोरल्या भावाच्या मळ्यात, दर सोमवारी जातो तसा. आणि आज मंगळवार.

टाकीच्या वर लाकडी फळीवर ठेवलेला फिल्टर मंद घरघरत होता. तो गजेंद्रनं स्वतः बनवला होता, आणि हे वाक्य ऐकायला साधं वाटलं तरी त्या घरात साधं नव्हतं. त्याआधी सात महिने गजेंद्रनं हातात पाना धरला नव्हता. बाथरूमचा नळ गळत होता तर खालच्या मंजुळाबाईंच्या पोराला बोलावून बसवून घ्यावा लागला होता, आणि गजेंद्र खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. ज्या माणसानं वीस वर्षं मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तीन तालुक्यांत शेतोशेती ठिबकच्या नळ्या अंथरल्या, त्या माणसानं. मग दिवाळी झाली, कूलर माळ्यावर चढवायची वेळ आली, आणि कूलरमधली ती मुठीएवढी पाण्यातली मोटर त्याच्या हाताला लागली. टाकीचं पाणी तेव्हा गढूळ झालं होतं, छकुली रोज फोनवर कुरकुर करत होती. गजेंद्र मोटर हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी मागितली. पुष्पांजलीनं त्यातलं वर्षाचं लोणचं दोन कढयांमध्ये ओतून बरणी घासूनपुसून त्याच्यासमोर ठेवली, एका शब्दानं कुरकुर न करता, आणि हेही आता त्याला विचित्रच वाटायला लागलं होतं. बरणीच्या तळाला त्यानं तापल्या खिळ्यानं भोकं पाडली. सगळ्यात खाली पैनगंगेतले गोटे, मग इस्त्रीवाल्याकडून आणलेला लाकडी कोळसा, मग जुन्या गादीतला फोम. मोटर पाणी वर फेकायची, पाणी बरणीतून थर ओलांडत खाली यायचं, आणि शेवटी ठिबकच्या काळ्या नळीच्या तुकड्यातून, चार ड्रीपरमधून, थेंब थेंब टाकीत पडायचं. तसे चार ड्रीपर लावायची काही गरज नव्हती. पण पहिल्यांदा ते चारही एका तालात ठिबकायला लागले तेव्हा गजेंद्र हसला होता. पुष्पांजली दारात उभी होती. ती पदरानं डोळे पुसत आत गेली, कांदा चिरत होते म्हणाली, आणि त्या दिवशी भाजी मेथीची होती.

आता या फिल्टरमध्ये एक गोष्ट अशी होती, जी मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आली नसती. मेहकरच्या बोअरचं पाणी म्हणजे क्षारच क्षार. आठ दिवसांत बरणीला आतून पांढरी साय धरायची. आणि पांढरं दिसलं की ठिबकवाल्याचे हात शिवशिवतात. वीस वर्षं त्यानं शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं, की बाबा, नळ्यांमध्ये क्षार बसू देऊ नको, ॲसिडचं पाणी सोड, मुरू दे, मग टोकं उघडून धुऊन काढ. त्यामुळे दर रविवारी दुपारी गजेंद्र बरणी मोरीत नेई, गोटे, कोळसा, फोम सगळं घमेल्यात काढी, हातमोजे घालून त्यावर ॲसिडचं पाणी टाकी, अर्धा तास घड्याळ लावी, आणि मग तीन बादल्या पाण्यानं खळखळून धुवी. शेवटच्या धुवणात लिटमसचा कागद बुडवून पाही. कागद शांत राहिला की तो पुष्पांजलीला बोलावून दाखवी. "पाह्य. काही हाये का? काहीच नाही." ती म्हणे, "काहीच नाही."

आणि हे दाखवणं तिच्यासाठी नव्हतंच. साखरखेर्ड्याच्या रंगरावांची दोन एकर मिरची नऊ-दहा महिन्यांपूर्वी वाळली ती गजेंद्रनं केलेल्या ॲसिडच्या धुलाईनंतर चौथ्या दिवशी. आधी शेंडे माना टाकायला लागले, मग पानं, मग सगळं रानच. रंगराव म्हणजे पाच फुटांचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. तो बांधावर उभा होता. त्यानं एक पान खुडून बोटांत चुरगाळलं, वास घेतला आणि म्हणाला, "असू द्या, साहेब. जमीन हाय. पुन्हा लावू." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर गजेंद्र सुटला असता. त्यानंतर गजेंद्र भेटेल त्याला सांगत सुटला, की प्रमाण बरोबर होतं, मी स्वतः मोजलं. त्यांच्या गड्यानंच व्हॉल्व्ह चालू ठेवला असणार. नाहीतर दुकानदारानं दिलेलं ॲसिडच भेसळीचं असणार. नाहीतर रंगरावानं आधीच काहीतरी औषध सोडलं असणार आणि आता माझ्या डोक्यावर. तो ज्याच्याकडे कामाला होता त्या ठिबकच्या दुकानदारानं त्याला काही दिवस घरी आराम करायला सांगितलं, आणि ते दिवस संपलेच नाहीत. या सगळ्यात त्याला कुणी खोटं पाडलं नाही. पुष्पांजलीनंही नाही. ती नुसती ऐकायची. ती एकदाही 'हाव, बरोबर हाये तुमचं' असं म्हणाली नव्हती, हे मात्र त्याला आत्ता, टाकीसमोर बसल्यावर, आठवत होतं. त्या धुलाईच्या दिवसाची आणखी एक गोष्ट त्याला अधूनमधून आठवायची, आणि ती का आठवते हे काही केल्या कळायचं नाही. रंगरावांच्या शेतातून दिसणाऱ्या रस्त्यावर मेहकरची बस येऊन हॉर्न वाजवत होती, तो हॉर्न. तो आठवला की गजेंद्र दुसरं काहीतरी बघायला लागायचा.

तर आता ॲसिडनं धुतलेल्या फिल्टरखाली तीन मासे अडीच महिने धडधाकट पोहत होते. म्हणजे ॲसिडनं काही होत नसतं, नीट धुतलं की. म्हणजे मिरचीचं पाप दुसऱ्या कुणाचं तरी. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रोज सकाळी तो टाकीसमोर बसून एक, दोन, तीन असं मोजायचा आणि तिनावर आला की त्याचा दिवस सुरू व्हायचा. त्या तिन्हींवर त्याचं सगळं टेकलेलं होतं.

पुढच्या मंगळवारी ठिपकीचा ठिपका डाव्या डोळ्याखालून उजव्या डोळ्याखाली गेला.

गजेंद्रनं या वेळी हाक मारली नाही. तो नुसता बसून राहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्यालाच डावं-उजवं कळेनासं झालं. मग त्यानं मोबाईलमधले जुने फोटो काढून पाहिले. डावाच होता. म्हणजे मासा बदलला होता. घरात दोनच माणसं. मग कशासाठी? आणि तेव्हा त्याला मेहुणा आठवला. अविनाश, पुष्पांजलीचा भाऊ, अकोल्याला असतो. पावसाळ्यात आला होता तेव्हा गॅलरीत उभा राहून बहिणीशी हळू आवाजात बोलत होता, आणि 'डॉक्टर' आणि 'एकदा दाखवून घेऊ' हे शब्द पडद्याआडून गजेंद्रपर्यंत पोचले होते. तेव्हा पुष्पांजली नको म्हणाली होती. पण नको म्हणणारी बाई नंतर हो म्हणू शकते. हे दोघं मिळून आपली परीक्षा तर घेत नाहीत? मासे बदलायचे आणि बघायचं, या माणसाला कळतं का. त्यानं ओरडावं, मासे बदलले मासे बदलले म्हणून, आणि अविनाशनं गाडी घेऊन यावं. गजेंद्रनं ठरवलं की आपण ब्र काढायचा नाही. त्या रात्री आठला छकुलीचा फोन आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पुष्पांजली फोन स्वतःच हातात धरते, आणि टाकीपासून चांगली चार पावलं लांब. "जवळ घे ना आई," छकुली म्हणत होती. "काचीवर उजेड मारते गं," पुष्पांजली म्हणाली.

एकदा डोळ्यांत शंका शिरली की तिला घरातल्या घरात पुष्कळ चारा मिळतो. गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीतली माती मंगळवारी उकरलेली असायची, आणि वरून हातानं थापलेली. काय पुरते ही? जास्वंद यंदा नुसती फुलून चालली होती, रोज देवाला आठ-दहा फुलं, आणि पुष्पांजली फुलं तोडताना कुंडीला हात लावून नमस्कार केल्यासारखं करायची. तिच्या पर्समध्ये त्याला एक रबरबँड सापडला, आणि मग आणखी दोन. रबरबँड म्हणजे काही पुरावा नव्हे, पण गजेंद्र ते तळहातावर घेऊन किती तरी वेळ बघत राहिला. आणि मग शनिवारी जिन्यात मंजुळाबाई भेटल्या. या बाई खालच्या मजल्यावर राहतात आणि लेआऊटमधलं, म्हणजे त्या वसाहतीतलं, त्यांना न दिसलेलं असं काही घडत नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "सोमवारची वहिनीची गडबड काय असते हो? तुमची बस सुटली नाही का दुपारच्या उन्हात निघाल्या. म्या म्हटलं, चहा घेऊन जा, तं म्हने वेळ नाही."

सोमवार. त्याच्या डोक्यातला मासा आणि डॉक्टर आणि अविनाश हे सगळं एका बाजूला सरकलं आणि तिथं दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते काय आहे, याला त्यानं नाव दिलं नाही; पण पंचेचाळिशीच्या नवऱ्याच्या मनात अशा वेळी जे येतं तेच ते होतं. त्यानं तिला गेल्या काही महिन्यांतली आठवून पाहिली. ती बारीक झाली होती. सोमवारी संध्याकाळी तो मेथीच्या जुड्या घेऊन घरी यायचा तेव्हा तिनं अंघोळ करून साडी बदललेली असायची. ती त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. हे सगळं त्यानं तेव्हाही पाहिलं होतं, फक्त ओळीनं मांडलं नव्हतं. बेकार नवऱ्याला बायको किती दिवस धरून राहील, हा विचार त्याला इतका सरळ आणि रास्त वाटला, की त्याचा रागसुद्धा आला नाही, नुसती धास्ती वाटली. ही बाई गेली तर आपल्यापाशी काय उरतं, तर खुर्ची आणि तीन मासे, आणि त्या माशांचाही भरवसा नाही.

रविवारी त्यानं फिल्टर धुतला. कागद बुडवला, दाखवला. "काहीच नाही," ती म्हणाली. आणि तिथंच, मोरीच्या दारात, हातमोजे न काढता त्यानं विचारलं, "सोमवारी तू कुठी जातं?"

ती दचकली. "कोन सांगतलं?"

"कोन सांगतलं थे सोड. कुठी जातं?"

"बजारात."

"बजारातून काय आनतं? भाजी तं मी आनतो डोनगावहून."

तिची नजर त्याच्या तोंडावरून खाली घसरली आणि त्याच्या हातातल्या बरणीवर जाऊन थांबली. बराच वेळ थांबली. ती काहीतरी बोलणार असं त्याला वाटलं, ओठ हललेसुद्धा.

"कोनाले भेटतं?" गजेंद्र म्हणाला. आणि एकदा तोंडातून निघालं तसं मग सगळंच निघालं. बावीस वर्षांत त्यानं तिला जे शब्द कधी वापरले नव्हते ते त्यानं हळू आवाजात, एकामागून एक वापरले, कारण आवाज चढवला असता तर खाली मंजुळाबाईंनी ऐकलं असतं. पुष्पांजली भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाले जे समजाचं थे समजा," आणि आत जाऊन तिनं तांदूळ निवडायला घेतले.

सोमवारी तो नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन निघाला, बसस्टँडवर गेला, आणि डोणगावची बस डोळ्यांदेखत जाऊ दिली. समोरच्या चहाच्या टपरीत आतल्या बाकड्यावर बसला. हे आपण करतोय याची त्याला लाज वाटत होती, आणि तरीही त्यानं जागा अशी निवडली होती की रस्ता दिसावा आणि आपण दिसू नये. तीन चहा झाले. जीभ कडू झाली. टपरीवाला दोनदा बघून गेला. सव्वा बाराला पुष्पांजली दिसली. जांभळी साडी, डोक्यावर पदर, चाल भराभर. ती स्टँडच्या मागच्या गल्लीत वळली आणि गजेंद्र उठला. गल्लीत टेलरची, मोबाईलची, झेरॉक्सची दुकानं. आणि टोकाला एक लहानसं दुकान, बाहेर पिंजऱ्यांत पोपटी चिमण्या, आत निळा उजेड. ती त्या दुकानात शिरली. गजेंद्र झेरॉक्सच्या पाटीआड उभा राहिला. आत एक तरुण माणूस होता, टी-शर्ट घातलेला, दाढी कोरलेली, आणि तो तिला पाहून ओळखीचं हसला. दोघं काहीतरी बोलले. माणूस वाकला, उभा राहिला. पाचच मिनिटांत ती बाहेर आली, आणि तिच्या हातात पाण्यानं फुगवलेली, रबरबँडनं बांधलेली एक पिशवी होती, आणि पिशवीत काहीतरी भुरकट हलत होतं. ती पिशवी तिनं पदराखाली घेतली, तान्ह्या पोराला घेतात तशी, आणि ती गेली.

गजेंद्र दुकानात शिरला. काय विचारायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं.

"आत्ता आल्या होत्या त्या..."

"थ्या ताई? पाटील ताई?" दुकानदार म्हणाला. त्याचं नाव जीवन, असं पाटीवर होतं. "तसं अडनाव नाही माहीत, दरखेपेले भुऱ्यासारखा द्या, पाटलासारखा द्या म्हनतात म्हनून मीच म्हनतो. नात्यातल्या हायत का, काका?"

"वळखीच्या. दरखेपेले म्हंजे?"

"दर सोमवारीच समजा. एखादा सोमवार सुटत असन. त्यायच्या घरी मासा टिकत नाही ना. फोटो दाखवतात मोबाईलमधी, हुबेहूब असाच पाह्यजे म्हनतात. आता हुबेहूब कुठून आनू मी? एकदा ठिपका उलट्या बाजूचा भेटला, तं बिचाऱ्या रडाच्याच बाकी राह्यल्या." जीवन टाकीत जाळी फिरवत होता. "मी इचारलं, फिल्टर कोनता हाये? तं म्हने घरी बनवेल हाये, लई चांगला हाये. धुता कशानं? तं म्हने रविवारी ॲसिडनं. म्या डोक्यालेच हात लावला. म्हटलं, ताई, कोयसा ॲसिड पिऊन ठेवते. वरून धुतलेलं पानी साफच दिसन तुम्हाले. पन थे आतलं राती हळूहळू सुटते, अन् दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मासा खलास. फिल्टरच काढून फेका ना. तं काय म्हने सांगू?"

गजेंद्र त्या जाळीकडे बघत होता.

"म्हने, फिल्टर नाही निंगत. तुम्ही मासा द्या."

बाहेर ऊन होतं. गजेंद्र गल्लीतून स्टँडवर आला, स्टँडवरून रस्त्याला लागला, आणि आपण चालतोय हे त्याला बरंच पुढे गेल्यावर कळलं. कोळसा ॲसिड पिऊन ठेवतो. एवढी साधी गोष्ट. माती काय करते मग? माती तर किती पिते. कागद वरच्या पाण्यात बुडवायचा आणि काहीच नाही म्हणायचं. तिनं तरी दर रविवारी काहीच नाही असं कसं म्हटलं, उद्या त्यातला एक मरणार हे ठाऊक असून. मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकणारी बाई. आणि काल तिनं बरणीकडे पाहिलं होतं. तिच्या तोंडाशी आलं होतं ते. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. ते वाक्य तिनं गिळलं आणि आपले शब्द अंगावर घेतले, सगळेच्या सगळे, भिंतीला टेकून. त्याला भर रस्त्यात इतकी शरम वाटली, की एक मोटारसायकलवाला ओळखीचा निघाला आणि 'राम राम गजूभाऊ' म्हणाला, तर त्याला वर बघता आलं नाही. आणि मग तो हॉर्न वाजला. स्टँडवरची कुठलीशी बस असेल. पण या वेळी तो दुसरीकडे बघू शकला नाही.

दार लोटलेलं होतं. पुष्पांजली टाकीसमोर उभी, हात कोपरापर्यंत ओले, आणि पाण्यात ती पिशवी तरंगत ठेवलेली. जमिनीवर कागदाच्या तुकड्यावर एक मासा आडवा पडला होता. भुऱ्या. तिनं वळून पाहिलं आणि आधी कागदावर साडीचा घोळ ओढायला गेली, झाकायला, मग थांबली.

"डोनगावले नाही गेले?"

तो पुढे झाला आणि त्यानं भिंतीतलं बटण बंद केलं. घरघर थांबली. चारही ड्रीपर थोडा वेळ ठिबकत राहिले आणि मग एकेक करून बंद पडले. अडीच महिन्यांत त्या खोलीत इतकं शांत झालं नव्हतं. त्यानं बरणी फळीवरून उचलली.

"आयका ना," पुष्पांजली म्हणाली. "मी नाही जात आता सोमवारी. कुठीच नाही जात. तुम्ही म्हनान तसं. पन थे काढू नका."

"मासे मरतात यानं."

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"किती मेले?"

"सात. ह्याच्यासकट आठ." आणि गॅलरीकडे बघून, "जास्वंदीत हायत."

गजेंद्र बरणी मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसला. कपडे भिजले. "काल मी तुले काय काय बोललो," तो म्हणाला. "तरी तू सांगतलं नाही."

"काय सांगू? सांगतलं असतं तं तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते, भितीकडे तोंड करून. सात महिने पाह्यलं म्या थे. त्याच्यापरीस बोलनं परवडलं."

तो बरणीच्या भोकांतून बोट फिरवत होता. कोळशाचं काळं पाणी त्याच्या तळहातावर येत होतं. "रंगरावची मिरची बी मीच जाळली, पुष्पा," तो म्हणाला. "अर्ध्या नळ्यायची टोकं मी उघडलीच नाही. बस येऊन उभी राह्यली होती. म्हटलं, इतलं पानी गेलं, पुरे झालं. कागद बी पाह्यला. पयल्या नळीतला."

हे ती आधीपासून ओळखून होती की आत्ता तिला कळलं, ते तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. ती त्याच्याजवळ आली, त्याच्या हातातून बरणी घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली. मग तांब्या भरून आणला. "हात धुवा पहिले," ती म्हणाली, आणि त्याच्या हातांवर पाणी ओतत राहिली, काळं जाईपर्यंत, आणि गेल्यावरही थोडा वेळ. टाकीतलं पाणी आता कामाचं नव्हतं. मासे काढायला तिनं पितळी गंज, ते उभट भांडं, आणला तर तो म्हणाला, "पितळेचं नको, माशायले बाधते. स्टीलचं आन." तिनं पाहुण्यांच्या वेळचं मोठं पातेलं काढलं, त्यात कालचं भरून ठेवलेलं शिळं पाणी ओतलं, आणि तीन मासे त्यात गेले, वरून पुरणाची चाळणी. भुऱ्याला गजेंद्रनं स्वतः कुंडीत ठेवलं. माती उकरताना आधीच्या एकाचा काटा बोटाला लागला, त्यानं तो तसाच पुन्हा झाकला. उद्या साखरखेर्ड्याला जायचं, हे त्यानं तिथं ठरवलं, आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, मी बी येते.

आठ वाजता छकुलीचा फोन आला. पुष्पांजलीनं तो उचलला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यानं हात पुढे केला तसा त्याच्या हातात दिला. गजेंद्र पातेल्याशी उकिडवा बसला आणि त्यानं फोन पाण्याच्या अगदी जवळ धरला.

"बाबा, पाटील पातेल्यात काऊन?" छकुली हसत म्हणाली.

"हा पाटील नव्हे, छकुले," गजेंद्र म्हणाला. "पाटील कधीचाच गेला. माझ्याच हातानं गेला."

पुष्पांजलीनं पातेल्यावरची चाळणी काढून बाजूला ठेवली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. आणि गजेंद्रनं लेकीला पहिल्यापासून, रंगरावांच्या शेतापासून, सांगायला सुरुवात केली.